प्रस्तावना : दिवस राहण्याआधीचे दिवस

बाई गरोदर राहिली की मराठीत तिला ‘दिवस गेले’ किंवा ‘दिवस राहिले’ असे म्हणतात, आणि या साध्या बोलण्यात गर्भाच्या वाढीचे एक मर्म नकळत पकडले गेले आहे. कारण गर्भात कोणते व्यंग निर्माण होईल हे जितके कारणावर अवलंबून असते, तितकेच ते कारण नेमके कितव्या दिवशी आडवे आले यावरही अवलंबून असते. प्रस्तुत पुस्तकाचा विषय जन्मजात व्यंगे आणि गर्भाच्या वाढीला असणारे धोके हा असून त्याची मांडणी अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, जिल्ह्यातील जीवनाच्या संदर्भात केलेली आहे. जन्मजात व्यंग म्हणजे बाळ जन्माला येतानाच त्याच्या शरीराच्या रचनेत किंवा कार्यात असलेला दोष, मग तो दुभंगलेल्या ओठासारखा वा आत वळलेल्या पावलासारखा सुईणीच्याही नजरेस पडणारा असो, किंवा बहिरेपणासारखा, हृदयाच्या पडद्यातील छिद्रासारखा काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी उघडकीला येणारा असो. ढोबळ मानाने दर शंभर जन्मांत दोन ते तीन बालकांत असा एखादा गंभीर दोष असतो. पुण्यात सुमारे दोन हजार गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दर दहा हजार जन्मांमागे सुमारे २३० असे, म्हणजे याच माळेत बसणारे, प्रमाण आढळले.

हा विषय आज महत्त्वाचा का झाला, याचे उत्तर याच जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात सापडते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला तेव्हा त्या परिसरात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत, आणि ती दगावत हगवणीने, धनुर्वाताने, न्यूमोनियाने व उपासमारीने. आरोळे दांपत्याने गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि कित्येकदा दलित वस्तीतल्या स्त्रियांना शिकवून आरोग्यसेविका केले, गरोदर बायांना धनुर्वाताची लस आणि मुलांना पोटभर अन्न मिळेल अशी व्यवस्था लावली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बालमृत्यूचे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्याही खाली आले. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार या दांपत्याला मिळाला तो याच कामासाठी. मात्र संसर्गाने आणि भुकेने होणारे मृत्यू जसजसे ओसरतात तसतसे, पाणी आटल्यावर तळातले दगड उघडे पडावेत तसे, जन्मजात व्यंगांनी होणारे मृत्यू व अपंगत्व ठळक दिसू लागते. ते आधीही होतेच, फक्त मोजायला कोणाला सवड नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २,४०,००० नवजात बालके जन्मजात दोषांमुळे पहिल्या २८ दिवसांतच मृत्यू पावतात.

कालगणनेचा जो मुद्दा आरंभी मांडला तो नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. बीज फलित झाल्यानंतर साधारण सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. पहिल्या दोन आठवड्यांत एखादा घातक आघात झालाच तर बहुधा एकतर गर्भ गळून जातो, नाहीतर उरलेल्या पेशी ती उणीव भरून काढतात, त्यामुळे या काळातून व्यंग फारसे निपजत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंतचा काळ मात्र अवयव घडण्याचा असतो. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदय धडधडू लागते, चौथ्या आठवड्यात हातापायांचे कोंब फुटतात, आणि याच सुमारास ज्या नळीतून पुढे मेंदू व मज्जारज्जू तयार होतात ती मज्जानलिका मिटते. ही नलिका आरंभी सपाट पट्टीसारखी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जाऊन, करंजीच्या कडा दाबून मिटवाव्यात तशा, एकमेकींना चिकटतात आणि हे मिटणे मधल्या भागापासून दोन्ही टोकांकडे सरकत साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी पुरे होते. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू व कवटी घडतच नाही आणि असे मूल जगत नाही. खालचे टोक उघडे राहिले तर पाठीचा कणा दुभंगलेला राहतो, मज्जारज्जू उघडा पडतो, पाय लुळे पडतात, लघवी-शौचावरचा ताबा जातो आणि पुष्कळदा डोक्यात पाणी साठते. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे प्रत्यक्ष गर्भधारणेपेक्षा दोन आठवडे अधिक धरतात. तेव्हा मज्जानलिका मिटण्याचा हा अठ्ठाविसावा दिवस म्हणजे त्यांच्या हिशेबाने सहावा आठवडा, आणि बाईच्या हिशेबाने पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस.

आता हे वेळापत्रक घरातल्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावे. नगर जिल्ह्यातच नव्हे तर महाराष्ट्रात बहुतेक घरी तीन महिने सरेपर्यंत गरोदरपणाची वाच्यता करू नये असा संकेत आहे. त्यानंतर चोरओटी, आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवण. हा संकेत मूर्खपणाचा नाही, कारण पहिल्या तिमाहीत पुष्कळ गर्भ आपोआप पडतात हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यामागे आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की ज्या महिन्यांत गर्भाचा प्रत्येक अवयव घडत असतो नेमक्या त्याच महिन्यांत त्या बाईचे गरोदरपण झाकलेले असते, ती जड ओझी उचलत राहते, कोणत्याही दुखण्यावर मिळेल ती गोळी घेते, आणि आशाताई तिच्या दारात येऊन नाव नोंदवते तेव्हा मज्जानलिका, हृदयाचे कप्पे आणि वरचा ओठ हे सारे घडून, किंवा बिघडून, गेलेले असते. कौतुक आणि काळजी दोन्ही सातव्या महिन्यात येतात. हिरव्या साडीला आणि फुलांच्या दागिन्यांना आक्षेप असण्याचे कारण नाही, उशीर मात्र झालेला असतो.

याच वेळापत्रकावर घासून पाहिली तर ग्रहणाची समजूतही टिकत नाही. वेध लागल्यापासून मोक्षापर्यंत गरोदर बाईने काही चिरू नये, कापू नये, शिवू नये, विळीला हात लावू नये, नाहीतर मुलाचा ओठ फाटतो, ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे की दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले की मागे कधी ग्रहण होते काय याचा शोध घरात सुरू होतो आणि दोष विळीपाशी बसलेल्या बाईकडे येतो. वरचा ओठ एक मधला आणि दोन बाजूंचे असे भाग जुळून बनतो आणि हे जुळणे गर्भधारणेनंतर सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत आटोपते, टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत मिटते. ग्रहण पाळले जाते ते प्रायः पोट दिसू लागल्यावर, म्हणजे ओठ मिटून कित्येक आठवडे उलटल्यावर, आणि मिटलेला ओठ भाजी चिरल्याने पुन्हा उसवत नाही; अगदी सहाव्या आठवड्यात ग्रहण आले तरी आकाशातल्या सावलीचा पेशींच्या जुळणीशी काही संबंध नाही. अपाय झालाच तर तो वेध पाळण्याच्या नावाखाली गरोदर बाईला तासन्‌तास अन्नपाण्यावाचून ठेवल्याने होतो.

परंपरेत केवळ समजुतीच होत्या असे मानणेही बरोबर ठरणार नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाच्या विकृतीची कारणे सांगताना बीजाचा दोष, गर्भाशयाचा दोष, काळाचा दोष आणि मातेच्या आहारविहाराचा दोष ही कारणे पूर्वकर्माच्या बरोबरीने गणली आहेत, आणि कर्म बाजूला ठेवले तर आधुनिक वर्गीकरण याहून फार वेगळ्या खणांत बसत नाही. सुश्रुताने मात्र डोहाळे न पुरवल्यास मूल कुबडे, थोटे, लंगडे किंवा बुटके निपजते असे म्हटले, आणि मराठी घरांनी चरकातले ‘बीज’ सोडून सुश्रुतातले ‘डोहाळे’ तेवढे उचलले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात पदवीसाठी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच; ही परंपरा पारखून घेण्याचे काम एका मराठी स्त्रीने इतक्या लवकर हाती घेतले होते, आणि अकाली मृत्यूमुळे ते तिथेच थांबले.

मज्जानलिकेच्या दोषांवरचा उपाय ज्या शोधातून निघाला त्याचे मूळही महाराष्ट्रातच आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात होणाऱ्या तीव्र पंडुरोगाचा अभ्यास करू लागली. भाकरी-भातावर आणि नाममात्र भाजीवर दिवस काढणाऱ्या या बायांचा आजार यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने, बरा होतो हे तिने १९३१ मध्ये दाखवून दिले. त्या अर्कातला अज्ञात घटक काही वर्षे ‘विल्स घटक’ म्हणून ओळखला गेला आणि पुढे तो फॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे हिरव्या पालेभाज्यांत व कडधान्यांत असणारे एक ब जीवनसत्त्व, असल्याचे निष्पन्न झाले. या जीवनसत्त्वाचा गर्भाच्या मज्जानलिकेशी असलेला संबंध सिद्ध व्हायला मात्र १९९१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील १,८१७ स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी असे मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यास तोच दोष पुन्हा होण्याची शक्यता ७२ टक्क्यांनी घटते, असे त्यातून दिसले. ‘गर्भधारणेपूर्वीपासून’ हा शब्द येथे कळीचा आहे. तिसऱ्या महिन्यात हाती पडलेली गोळी रक्त वाढवते, मज्जानलिका मिटवत नाही. याला जोडूनच पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासाकडे पाहावे लागते. भरपूर शाकाहार आणि अल्प दूध यांमुळे तेथील गरोदर स्त्रियांत ब-१२ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता आढळली. फॉलिक अ‍ॅसिड आणि ब-१२ ही शरीरात हातात हात घालून काम करतात, त्यामुळे एकाची गोळी देऊन दुसऱ्याची उणीव तशीच ठेवणे अर्धवट ठरते.

या जिल्ह्यात ही गोष्ट पोचवायची कोणाला, हा प्रश्न शास्त्राइतकाच अवघड आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्यापासून या जिल्ह्याची ओळख उसाशी जोडली गेली. पण ज्या तालुक्यांत ऊस पिकतो आणि ज्या तालुक्यांतून तो तोडायला माणसे जातात ते तालुके वेगळे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या अवर्षणप्रवण भागांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी मुकादमाकडून उचल घेऊन निघते. या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत चालत जाते, एका दिवसाची गैरहजेरी झाली तर खाडा कापला जातो, आणि रात्री कारखान्याच्या आवारातल्या पाचटाच्या कोपीत चूल पेटते. लग्न होऊन वर्षही न झालेली मुलगी हंगामात गरोदर राहिली तर पाळी चुकल्याचे तिच्या लक्षात येते तेव्हा तिचे नाव ज्या उपकेंद्राच्या यादीत असायला हवे ते गाव शेकडो किलोमीटरवर राहिलेले असते, आणि जेथे ती असते तेथल्या यादीत तिचे नाव नसते. पाडव्याच्या पुढेमागे ती परतते, तेव्हा चौथा किंवा पाचवा महिना चालू असतो. शासकीय योजनांच्या पुस्तिकेत या बाईसाठी तरतूद नाही असे नाही; तरतुदीचे दिवस आणि तिचे दिवस जुळत नाहीत, एवढेच.

मिश्रीचा विषय पुस्तकात स्वतंत्रपणे आला आहे आणि तो यायलाच हवा होता. तंबाखूची पाने तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्याबरोबर ती पूड बोटाने हिरड्यांना चोळत उंबऱ्यावर बसायचे, हे चित्र नगर जिल्ह्यातील कोणत्याही वाडीला अपरिचित नाही. दात घासण्याच्या नावाखाली चालत असल्याने ती लावणारी बाई स्वतःला तंबाखूची व्यसनी समजत नाही, आणि डॉक्टरने ‘तंबाखू खाता का’ असे विचारले तर खरेपणाने ‘नाही’ म्हणते. पहिल्या महिन्यांतली मळमळ मिश्रीने शमते असा समज असल्याने गरोदरपणात ती कमी होण्याऐवजी वाढण्याचीच भीती असते. तंबाखूतल्या निकोटीनमुळे वारेतील, म्हणजे आईच्या रक्तातून गर्भाला पोषण पोचवणाऱ्या अवयवातील, रक्तवाहिन्या आकसतात. धूररहित तंबाखू वापरणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरते, असे मुंबईत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हे काटेकोर अर्थाने व्यंग नव्हे, वाढीची तूट आहे; पण अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

संसर्ग आणि औषधे यांची चर्चा पुढील प्रकरणांत सविस्तर असल्याने येथे दोनच उदाहरणे पुरेत. रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, हा अंगावर पुरळ उठवून तीन दिवसांत ओसरणारा किरकोळ ताप. पण १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणाच्या आरंभी हाच ताप येऊन गेल्याचे हेरले, आणि बाहेरचे कारण गर्भात शिरून व्यंग घडवू शकते हे वैद्यकाला मान्य करावे लागले. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि ती नऊ महिने ते पंधरा वर्षे या वयापुरती होती, म्हणजे २००३ च्या आधी जन्मलेल्या बहुतेक स्त्रिया, ज्या आज आई होण्याच्या वयात आहेत, त्या मोहिमेच्या बाहेर राहिल्या. दुसरे उदाहरण थॅलिडोमाइडचे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत निर्धोक म्हणून विक्रीला आलेले हे झोपेचे व मळमळीचे औषध १९६१ च्या अखेरीस मागे घेतले जाईपर्यंत दहा हजारांवर मुले आखूड हातापायांची किंवा हातापायांवाचून जन्मली होती. याशिवाय फिट येऊ नये म्हणून दिले जाणारे व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन, मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन ही औषधे आणि गर्भधारणेआधीपासून ताब्यात नसलेला मधुमेह हे धोके पक्के ठाऊक असलेले आहेत. मुलगाच व्हावा म्हणून दिल्या जाणाऱ्या पुड्यांचा अभ्यास हरियाणात झाला आणि त्यांचा जन्मजात व्यंगांशी संबंध दिसून आला. अशा पुड्या घेतल्या जातात त्याही नेमक्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच.

नात्यातल्या लग्नांबद्दल लिहिताना पुस्तकाने संयम राखला आहे, तो उचितच आहे. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रातल्या अनेक जातींत आहे आणि आत्याच्या मुलीबाबत ती मोकळीक नाही, हा भेद इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात नोंदवला आहे. जीवशास्त्राला मात्र मामे आणि आते यांत काही फरक दिसत नाही. सख्ख्या मामे-आते भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके, म्हणजे आनुवंशिक सूचना वाहणारे घटक, समान असतात, त्यामुळे एखादे सदोष जनुक दोघांकडूनही मुलाला मिळण्याची शक्यता वाढते आणि व्यंगाच्या सर्वसाधारण धोक्यात आणखी दोन ते तीन टक्क्यांची भर पडते. याचाच अर्थ अशा शंभर मुलांपैकी नव्वदहून अधिक निरोगीच असतात. ‘मुळीच काही होत नाही’ हे जितके चूक तितकेच ‘होणारच’ हेही चूक. चरकाने व्यंगांची कारणे ज्या अध्यायात सांगितली त्या अध्यायाचे नाव ‘अतुल्यगोत्रीय’, म्हणजे भिन्न गोत्रांतल्यांविषयीचा, असे आहे, ही योगायोगाची गोष्ट नसावी.

एवढे सांगूनही एक अप्रिय सत्य उरते, आणि लोकप्रिय आरोग्यलेखन ते बहुधा झाकून ठेवते : निम्म्याहून अधिक जन्मजात व्यंगांचे निश्चित कारण आजही सांगता येत नाही. डाउन सिंड्रोम, म्हणजे एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असणे, हे आईच्या वयानुसार वाढते, विशीत साधारण दीड हजारात एक तर चाळिशीत शंभरात एक. पण बहुतेक वेळा ते कोणाच्या घराण्यातून आलेले नसते आणि कोणाच्या वागण्यातूनही नसते. तरीही मूल अधू निघाले की ‘तिच्याच अंगात काहीतरी’ असा निवाडा होतो आणि दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात. शुक्रबीजातही दोष असू शकतो हे कोणी उच्चारत नाही.

जन्मानंतरची आशा मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ मोठी आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत व शाळेत होते, आणि तपासायच्या आजारांत मज्जानलिकेचे दोष, दुभंगलेला ओठ-टाळू, आत वळलेले पाऊल, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा व हृदयदोष यांचा समावेश आहे. आत वळलेले पाऊल पहिल्या आठवड्यांत प्लास्टर घालायला सुरुवात केली तर बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ होते. तेच पाचव्या वर्षी आणले तर तितके सहज होत नाही. येथेही दिवसांचाच हिशेब. जन्माआधीच्या निदानासाठी अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी आणि २०२१ मध्ये सुधारलेला गर्भपाताचा कायदा, ज्यानुसार गर्भात गंभीर विकृती असल्यास चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात करता येतो, यांचा विचार अखेरच्या भागात आहे. ज्या राज्याने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला त्या राज्यात सोनोग्राफी या शब्दाचा अर्थ लोकांच्या मनात अजून मुलगा-मुलगी एवढाच उरला आहे, आणि हा गैरसमज तोडायला कायदा पुरेसा पडलेला नाही.

वाचकांना एक सूचना आवर्जून करावयाची आहे. या पुस्तकात धोकादायक म्हणून उल्लेखिलेले एखादे औषध, विशेषतः फिटचे, घरातील कोणी घेत असेल तर पुस्तक वाचून ते परस्पर बंद करू नये, कारण अचानक उलटलेली फिट आई आणि गर्भ दोघांनाही औषधापेक्षा अधिक घातक ठरू शकते. मूल हवे असे ठरताच, पाळी चुकण्याची वाट न पाहता, त्या औषधाची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि रोजची ४०० मायक्रोग्रॅमची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी त्याच दिवसापासून सुरू करावी. आधीचे मूल मज्जानलिकेच्या दोषाने गेले असेल तर मात्र मात्रा याच्या दसपट लागते, आणि ती डॉक्टरांनीच लिहून द्यावी लागते.